कानाची साक्ष आणि विक्रेत्याचा शब्द

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर पैठणी घ्यायला आलेली गृहिणी पदराचा पोत बोटांच्या चिमटीत धरून पाहते आणि सराफाच्या पेढीवर सोन्याला कस लागतो. परंतु संगीत ऐकवणाऱ्या उंची यंत्रांच्या, म्हणजे ॲम्प्लिफायर, स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर आदी वस्तूंच्या व्यापारात ग्राहकाच्या हाती असे कोणतेच निर्णायक साधन नसते. तेथे साक्ष द्यायची ती एकट्या कानाने, आणि ही साक्ष किती सहज फिरवता येते हे ज्याने या विषयाचा थोडासा अभ्यास केला आहे त्याला ठाऊक असते. सबब या व्यवहारात ग्राहक विक्रेत्यावर जितका अवलंबून असतो तितका तो औषधविक्रेत्याचा अपवाद सोडल्यास क्वचितच कोणा दुकानदारावर अवलंबून असेल. विक्रेते लुबाडतात ही ग्राहकांची तक्रार जुनी आहे. ग्राहक तास तास फुकट ऐकून जातात आणि खरेदी दुसरीकडे करतात, ही विक्रेत्यांची तक्रार तिच्याहून वयाने लहान असली तरी तितकीच खरी आहे. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पेटीची किंमत पावतीवर येते. तिच्याबरोबर दिला जाणारा सल्ला, ऐकवणूक आणि पुढची देखभाल यांची किंमत मात्र कोठेही स्वतंत्रपणे लिहिली जात नाही. न लिहिलेल्या या किमतीवरून उभय पक्षांत जे काही घडत आले, त्याचा हा आढावा आहे.

नारायण पेठेतून हा प्रश्न पाहण्यास कारण आहे. ध्वनियंत्रांचा आणि त्यांच्या सुट्या भागांचा बाजार पुण्यात मुख्यतः बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास भरला. नारायण, सदाशिव, शनिवार या पेठांनी त्या बाजाराला पुरवला तो श्रोता. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली उभे केलेले गांधर्व महाविद्यालय, आणि भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव, जो पुढे कित्येक वर्षे रमणबागेच्या पटांगणावर होत असे, या सर्वांच्या सान्निध्यात ज्याचा कान घडला, तो मनुष्य दुकानात शिरतो तेव्हा तंबोऱ्याची जोडी नीट लागली म्हणजे काय होते, हे त्याला मुळातून माहीत असते. यंत्रातून आलेला आवाज मूळ आवाजाशी ताडून पाहण्याची ही ऐपत पैशाने येत नाही. म्हणूनच बेताच्या मिळकतीचा, परंतु अत्यंत चोखंदळ असा ग्राहक ही या पेठांची खासियत ठरली, आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या दुकानदारालाही आपली विद्या वाढवणे भाग पडले.

आरंभीच्या ग्रामोफोन युगात हा संबंध आजच्या मानाने पुष्कळ निकोप होता आणि त्याचे कारण नैतिकतेत नव्हते. ते यंत्राच्या रचनेतच होते. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गेसबर्ग याने १९०२ साली कलकत्त्यास पहिली ध्वनिमुद्रणे केली, पुढे तेथेच तबकड्यांचा कारखाना निघाला, आणि नाट्यपदांच्या व ख्यालांच्या तबकड्या महाराष्ट्रात घरोघर पोहोचल्या. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची ती तबकडी एका बाजूस सुमारे तीन मिनिटे वाजे, आणि पोलादी सुई दर बाजूस नवी लावावी असा शिरस्ता होता. सुयांची डबी संपली की दुकान गाठावे लागे, चावीची स्प्रिंग तुटली की दुकान गाठावे लागे, नवी तबकडी आली की ती आधी ऐकण्यासाठीही दुकानच गाठावे लागे. ज्या गिऱ्हाइकाचे तोंड पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावयाचे आहे त्याला फसवणे कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्यास परवडत नाही. हाय-फाय यंत्रांच्या पुढील इतिहासात विश्वास कोठे टिकला आणि कोठे उडाला, याचा शोध घेऊ लागलो की पुनःपुन्हा हीच गोष्ट हाती लागते: जेथे ग्राहकास परत येण्याचे प्रयोजन राहिले तेथे संबंध राहिला.

रेडिओने हे प्रयोजन आणखी वाढवले. रेडिओ बाळगावयाचा तर टपाल कचेरीतून दरसालचा परवाना काढावा लागे, आणि हा परवाना ऐंशीच्या दशकापर्यंत चालू होता. एरियलची तार गच्चीवर नेणे, व्हॉल्व्ह गेला तर बदलणे, केंद्र नीट लागत नसेल तर घरी येऊन पाहणे ही कामे विक्रेत्याकडेच असत, त्यामुळे रेडिओचा दुकानदार अर्धा व्यापारी आणि अर्धा कारागीर असे. १९५३ साली आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले, आणि १ एप्रिल १९५५ या रामनवमीच्या दिवसापासून माडगूळकर-फडके यांचे ‘गीतरामायण’ तेथून वर्षभर प्रसारित झाले. त्या वर्षी ज्याच्या घरी रेडिओ होता त्याच्या ओटीवर शेजारपाजार जमे, आणि प्रक्षेपणाच्या आदल्या दिवशी बिघडलेला रेडिओ वेळेत दुरुस्त करून देणारा दुकानदार त्या घराचा कायमचा माणूस होई. पुढे १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठच्या पेठांतली घरे पाण्याखाली गेली आणि संसाराच्या इतर वस्तूंबरोबर रेडिओ आणि तबकड्याही गाळात रुतल्या. लाखेची तबकडी धुऊन पुसून काही अंशी वाचते, भिजलेला ट्रान्सफॉर्मर सहसा वाचत नाही; आणि काय टाकावे व काय ठेवावे हे खरेपणाने सांगणारा माणूस अशा वेळी पैशापेक्षा मोलाचा असतो.

यानंतरचा काळ टंचाईचा. लाँग प्ले तबकड्या भारतात बनू लागल्या, स्टीरिओ आला, परदेशी मासिकांतून क्वाड आणि मरांट्झ ही नावे वाचकांस परिचित झाली. परंतु आयातीवरील निर्बंध आणि जबर जकात यांमुळे ती यंत्रे सामान्य मनुष्यास केवळ चित्रातच दिसत. देशी कारखान्यांपैकी कलकत्त्याची सोनोडाइन, शिवाय कॉस्मिक, फिलिप्स अशांची यंत्रे मिळत, आणि त्यांतली काही खरोखर चांगली होती. ज्यास परदेशीच हवे त्याने आखाती देशांत नोकरीस असलेल्या भाच्या-पुतण्याची वाट पाहावी, किंवा मुंबईस जाऊन चोरट्या मालाच्या गल्ल्या धुंडाळाव्यात, असा प्रघात पडला. या व्यवहारात पावती नाही, हमीपत्र नाही, आणि विक्रेत्याचे नाव दुसऱ्यांदा गेल्यास तेथे सापडेलच असेही नाही. ग्राहकाची स्थिती याचकाची झाली. दुकानदाराने तुटक बोलावे, यंत्र हात लावून पाहू देऊ नये, भावाचा खुलासा विचारू नये असे सुचवावे, आणि ग्राहकानेही ते सोसावे, ही रीत पुष्कळांच्या अंगवळणी पडली ती याच काळात. पुण्याच्या दुकानदारीच्या फटकळपणाविषयी जे बोलले जाते त्यातला बराचसा भाग, माझ्या समजुतीप्रमाणे, स्वभावाचा नसून टंचाईच्या अर्थशास्त्राचा आहे. ज्याच्याकडे मोजका माल आणि दारात रांग असते, तो जगाच्या पाठीवर कोठेही असला तरी तसाच बोलतो.

परंतु याच टंचाईने एक फार चांगली गोष्टही जन्मास घातली, आणि तिच्याविषयी अधिक लिहिले गेले पाहिजे. परदेशी ॲम्प्लिफायर मिळत नाही म्हणून येथील तरुण कारागिरांनी स्वतः तो जोडावयास घेतला. तपकीर गल्लीतून ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर आणावे, ‘टू-एन थर्टी-फिफ्टी-फाइव्ह’ या जाड पोलादी टोपीच्या ट्रान्झिस्टरच्या जोड्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवाव्यात, पत्र्याचा डबा वाकवून घ्यावा, सुताराकडून सागवानी फळ्यांचे स्पीकरचे खोके करून घ्यावे, आणि ग्राहकाच्या घरी नेऊन ते लावून द्यावे. या असेंबल केलेल्या यंत्रांना नाव नव्हते, जाहिरात नव्हती. हमी होती ती कारागिराच्या घराच्या पत्त्याची. यंत्राची गुणगुण थांबत नाही म्हणून ग्राहक संध्याकाळी दार ठोठावी, आणि कारागीर हातातला चहा ठेवून अर्थिंगची तार कोठून नेली आहे ते पाहावयास निघे. त्याला आपल्या ग्राहकाचे कान ठाऊक असत: अमुक जोशीबुवांस तबला पुढे लागतो, अमुक मास्तरांस बासरीच्या वरच्या पट्टीत कर्कशपणा सोसत नाही. आज ज्यास ‘कस्टम’ म्हणून अवाच्या सवा किमतीस विकतात, ते त्या काळी पेठेतल्या एका खोलीत, ग्राहकाच्या समक्ष आणि रास्त मोबदल्यात होत असे.

कॅसेट आली तेव्हा या संबंधास आणखी एक पदर फुटला. फिलिप्सने १९६३ साली आणलेली ही फीत सत्तरीच्या उत्तरार्धात आपल्याकडे सर्वत्र झाली, आणि दुकानादुकानांतून ‘कॅसेट भरून देण्याचा’ धंदा सुरू झाला. ग्राहकाने वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यावी, सी-६० किंवा सी-९० कोरी फीत द्यावी, आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये हे गैर होते यात संशय नाही, आणि १९८४ च्या दुरुस्तीने शिक्षा कडक झाल्या. तरीही संबंधांच्या दृष्टीने पाहता या यादीने दुकानदारास ग्राहकाची आवड अक्षरशः लेखी दिली. याच्या अगदी उलट आणि सर्वथा आदरास पात्र असा मार्ग सुरेश अलूरकर यांनी कर्वे रस्त्यावरील आपल्या ‘अलूरकर म्युझिक हाऊस’मध्ये पत्करला. विक्रेता असूनही त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रणे प्रकाशित केली. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते अशा गायक-वादकांचे गाणे रसिकांच्या हाती दिले. ग्राहकास काय हवे हे काउंटरमागे उभे राहून वर्षानुवर्षे ऐकत आलेला मनुष्यच प्रकाशक झाला म्हणजे काय घडते, याचे ते उत्तम उदाहरण होय.

१९९१ नंतर बाजार मोकळा झाला आणि अडचण उलटी झाली. माल मुबलक झाला. माहिती कमी पडू लागली. या काळातली सर्वांत मोठी लबाडी म्हणजे खोक्यावर छापलेली ‘पीएमपीओ’ची, म्हणजे क्षणिक शिखरशक्तीची, वॅटसंख्या. हजार वॅट अशी अक्षरे मिरवणाऱ्या पेटीतून सतत मिळणारी शक्ती कित्येकदा दहा-वीस वॅटच्या पलीकडे नसे. अमेरिकेत याच जातीच्या फुगवलेल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्येच नियम करून सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा जाहीर करणे बंधनकारक केले होते. आपल्याकडे ग्राहकास कोणी एवढे सांगितले असते तरी पुष्कळ झाले असते की शक्ती दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानास तो दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दसपट करावी लागते. पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅटचा आग्रह धरणाऱ्या ग्राहकास हे समजावून सांगितले असते तर त्याचे कित्येक हजार रुपये वाचले असते. परंतु ते सांगण्यात विक्रेत्याचा तोटा होता, आणि बहुतेकांनी ते सांगितले नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. दुकानात दोन स्पीकर शेजारी ठेवलेले असतात, विक्रेता सिलेक्टरची कळ इकडून तिकडे फिरवतो, आणि ग्राहकास विचारतो, कोणता चांगला? हा प्रयोग निःपक्षपाती दिसतो, परंतु तो तसा नसतो. एका स्पीकरची संवेदनशीलता एक वॅटला, एक मीटरवर ८६ डेसिबल असेल आणि दुसऱ्याची ९० असेल, तर आवाजाच्या खुंटीस हातही न लावता दुसरा ४ डेसिबलने मोठा वाजेल. कानाचा धर्म असा आहे की एखाद्या डेसिबलचा फरक त्यास ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, तो ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक जिवंत’ म्हणून जाणवतो. त्यात पुन्हा ध्वनीच्या सूक्ष्म छटांची स्मृती फार अल्पकाळ टिकते. एका दुकानात ऐकलेले दुसऱ्या दुकानापर्यंत नेता येत नाही. आणि डोळेही या न्यायनिवाड्यात आपले मत घुसडतात. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तेच स्पीकर एकदा दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले, तेव्हा श्रोत्यांनी दिलेले गुण बदलले, आणि यात अनुभवी श्रोतेही अपवाद ठरले नाहीत. त्याआधी १९८७ मध्ये ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकाने स्वस्त आणि अतिमहाग ॲम्प्लिफायर डोळ्यांआड ठेवून ऐकवले होते, तेव्हा श्रोत्यांस त्यांतला फरक खात्रीने ओळखता आला नव्हता.

यावरून सगळी यंत्रे सारखीच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. स्पीकरांत फार मोठे फरक असतात आणि ते कानास स्पष्ट कळतात. निष्कर्ष इतकाच की ज्या दुकानात आवाजाची पातळी मोजून सारखी केली जात नाही, तेथील तुलनेस पुराव्याची किंमत नाही. दोनअडीच हजारांचे ध्वनिमापक उपकरण, एवढेच काय आजचा साधा मोबाइलही, हे काम पुरेशा अचूकपणे करतो. जो विक्रेता ऐकवण्यापूर्वी आपण होऊन पातळी जुळवून घेतो त्याच्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. आणि जो दोन हात लांबीच्या स्पीकरच्या तारेस स्पीकरइतकीच किंमत सांगून तीही याच कळीच्या खेळाने पटवून देतो, त्याचे दुकान सोडावे. स्पीकरला पुरेशा जाडीची साधी तांब्याची तार उत्तम चालते, हे सांगणारे प्रामाणिक विक्रेतेही या शहरात आहेत, आणि त्यांची उपजीविका चालावी ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे.

दुकानात मुळीच न ऐकता येणारी गोष्ट म्हणजे ग्राहकाची खोली. येथे नारायण पेठेचे उदाहरण बोलके आहे. जुन्या वाड्यातल्या खोल्या अरुंद, परंतु भिंती मातीच्या, वर तक्तपोशी, खाली सारवलेली जमीन, कोनाडे, खुंट्यांवर कपडे, कोपऱ्यात गाद्यांची चळत. अशा खोलीत आवाज शोषला जातो, विखुरतो, आणि छोट्या स्पीकरचे गाणेही गोड लागते. वाडा पाडून त्या जागी इमारत उभी राहिली की काँक्रीटचे छत, गुळगुळीत फरशी, काचेच्या सरकत्या खिडक्या आणि उघड्या भिंती यांत तोच स्पीकर कर्कश होतो. त्यातून खोलीची रुंदी आठ फूट असेल तर तिच्या दोन भिंतींमध्ये सुमारे ७० हर्ट्झची लहर ठाण मांडून बसते. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गवयाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार जवळपास तेथेच, ६९ हर्ट्झला बोलते. अशा खोलीत खर्ज एकाएकी फुगतो, डग्ग्याचा घुमारा लांबतो, आणि मध्य सप्तकातला गळा त्याखाली दबून जातो. ग्राहक म्हणतो स्पीकर खराब निघाला. विक्रेता म्हणतो दुकानात तर छान वाजत होता. दोघेही खरे बोलत असतात, आणि भांडण मात्र पेटते.

हे भांडण ज्या रीतीने मिटते ती रीत मी पाहिली आहे. एक वयस्कर तंत्रज्ञ अशाच एका तक्रारीवर घरी आले. यंत्रास हात न लावता प्रथम खोलीच्या मधोमध उभे राहून त्यांनी जोरात एक टाळी वाजवली आणि भिंतीभिंतींतून येणारी तिची कडकड ऐकली. मग चालू तंबोऱ्याच्या आवाजात ते भिंतीकडून मध्याकडे पावलापावलाने सरकत गेले, खर्ज कोठे फुगतो आणि कोठे नाहीसा होतो तेथे खडूने खुणा केल्या, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे घेतले, मालकांची खुर्ची मागच्या भिंतीवरून दीड फूट पुढे ओढली, आणि बाजूच्या उघड्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट सरकवावयास सांगितले. नवे काही विकले नाही. आवाज सुधारला तो इतका की घरातल्या माणसांस यंत्र बदलल्याचा भास झाला. निघताना मात्र त्यांना केवळ चहा मिळाला. फी विचारण्याचे कोणाच्या मनात आले नाही, आणि त्यांनीही ती मागितली नाही. हा प्रसंग सौजन्याचा म्हणून सांगता येईल, परंतु मला तो या व्यापाराच्या दुखण्याचा नमुना वाटतो. यंत्रापेक्षा अधिक उपयोगाची अशी विद्या दिली गेली, आणि तिचे मोल शून्य ठरले.

कायद्याने ग्राहकाची बाजू बरीच बळकट केली आहे, आणि त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात पुण्यास जाते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली येथेच ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९५४ च्या दादरा-नगरहवेली मुक्तिलढ्यात सुधीर फडके यांच्याबरोबर असलेला हा मनुष्य ग्राहकास प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी पुढे आयुष्यभर झटला. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यान्वये ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा ठरते. अर्थात ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाच्या बाबतीत कायद्यापुढे टिकत नाही. पक्की पावती मागितली की भाव वाढतो आणि कच्च्या चिठ्ठीवर उतरतो, या प्रलोभनास बळी पडणारा ग्राहक मात्र हे सारे संरक्षण स्वतःच्या हाताने सोडून देतो. तरीही कायद्याची धाव येथे संपते. यंत्र चालू आहे, दोष नाही, परंतु ते या खोलीस आणि या कानास योग्य नव्हते, अशी तक्रार कोणताही आयोग ऐकणार नाही.

ऑनलाइन खरेदीने या जुन्या गाठीस नवी निरगाठ मारली. शनिवारी दुकानात बसून दोन तास ऐकावे, क्रमांक टिपून घ्यावा, आणि रविवारी घरबसल्या दीड-दोन हजारांनी स्वस्त मागवावे, हा प्रकार इतका रूढ झाला आहे की तो करताना कोणास संकोचही वाटत नाही. मुंबईत काळ्या घोड्याजवळचे ‘ऱ्हिदम हाऊस’ हे संगीताचे दुकान २०१६ साली बंद झाले तेव्हा हळहळणाऱ्यांची संख्या मोठी होती. परंतु हळहळणाऱ्यांपैकी कितीजणांनी अखेरच्या वर्षांत तेथे खरेदी केली होती, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा असा आहे. यावर विक्रेत्यांनी काढलेला उपाय, म्हणजे ऐकवण्यात हात आखडता घेणे किंवा ज्या मालात दलाली अधिक तोच पुढे करणे, हा रोगापेक्षा वाईट आहे.

माझे मत असे की ऐकवणुकीस आणि घरी येऊन यंत्र लावून देण्यास विक्रेत्याने उघडपणे फी आकारावी, तिचा दर दर्शनी भागी लिहावा, आणि खरेदी तेथेच झाल्यास ती रक्कम बिलातून वजा करावी. वैद्य तपासणीचे पैसे घेतो आणि औषध कोठूनही घ्यावयास सांगतो; त्यामुळेच त्याच्या सल्ल्यास स्वतंत्र वजन येते. फी घेणाऱ्या विक्रेत्यास ‘तुमचा जुना ॲम्प्लिफायर अजून दहा वर्षे चालेल, तूर्त केवळ स्पीकरची जागा बदला’ असे सांगण्याची मुभा मिळते, आणि हे वाक्य ग्राहकाच्या कानी पडावे यातच त्याचा सर्वांत मोठा फायदा आहे. पेठेतला ग्राहक चिकित्सेचे पैसे देणार नाही असा आक्षेप घेतला जाईल. तो मला मान्य नाही. गाण्याच्या शिकवणीस, तंबोऱ्याची जवारी काढून घेण्यास, संवादिनीच्या ट्यूनिंगास हाच ग्राहक आजवर विनातक्रार पैसे देत आला आहे.

दुरुस्तीचा प्रश्न याहून निकडीचा आहे. तबकड्यांची आवड पुन्हा वाढली आहे. अमेरिकेत २०२२ साली विकल्या गेलेल्या तबकड्यांची संख्या सीडींहून अधिक भरली. आपल्याकडेही बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून तबकड्या नेणारे तरुण दिसतात, आणि माळ्यावरचा आजोबांचा रेकॉर्ड प्लेअर पुसून खाली येतो. त्यास नवा पट्टा हवा असतो, सुई हवी असते. स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कडा पंधरा-वीस वर्षांत भुगा होऊन गेलेली असते, ती चिकटवून देणारा हात हवा असतो. जळालेली कॉइल सोडवून, त्याच जाडीच्या तारेचे तितकेच वेढे पुन्हा घालून, कोन मध्यावर बसवणारे कारागीर तपकीर गल्लीच्या परिसरात अजून सापडतात, परंतु त्यांतले बरेचसे उतारवयास लागले आहेत. त्यांच्यापाशी एक वही असते: कोणाचे यंत्र, कोणत्या साली आले, कोणता भाग बदलला, पर्यायी भाग कोठला बसला. कंपन्या बंद झाल्या, त्यांची सर्किटची पुस्तके मिळेनाशी झाली, तरी या वह्यांत ती माहिती शाबूत आहे. दुकान उठते तेव्हा मालाची विल्हेवाट लागते, जागेचा करार होतो, आणि वही रद्दीत जाते. व्यापाऱ्यांच्या संघटनेने आणि पेठेतल्या संगीतसंस्थांनी मिळून या वह्या आणि सुट्या भागांचे डबे एखाद्या शिकाऊ मुलाच्या हवाली होतील अशी तजवीज करावी, आणि त्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांच्या वेतनाचा भार ज्यांची यंत्रे त्या वह्यांत नोंदलेली आहेत अशा ग्राहकांनी वर्गणी काढून उचलावा.